सातपूरची व्हीएम आणि फिरत्या डिस्कचा काळ

नागरी सहकारी बँकांच्या कारभाराशी ज्यांचा संबंध आला त्यांना २०१३ हे साल चांगले आठवत असेल. डिसेंबरअखेर कोअर बँकिंग सुरू झालेच पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेने या बँकांना बजावले होते. तोवर कित्येक ठिकाणी शाखेचा हिशेब शाखेतच असायचा. काचेच्या छोट्या खोलीत एसीखाली एक सर्व्हर, आणि दिवसाचे काम आटोपले की त्यातली माहिती सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर घेऊन शिपाई मुख्यालयाकडे. आता सगळ्या शाखांचा हिशेब एका जागी आणायचा होता. दहा-पंधरा शाखांच्या बँकेला स्वतःचे डेटा सेंटर उभारणे परवडणारे नव्हते, म्हणून जागा भाड्याने घेणे आले. भाड्याने जे मिळत असे ते बहुतेक वेळा अख्खे यंत्र नव्हते. एका मोठ्या यंत्राच्या आत कापून दिलेला तो हिस्सा असे, व्हर्च्युअल मशीन. धंद्यातले लोक त्याला नुसते व्हीएम म्हणतात. आणि यंत्राचे असे हिस्से पाडून प्रत्येकाला स्वतंत्र यंत्राचा भास निर्माण करणारा प्रोग्राम म्हणजे हायपरव्हायझर.

त्याच्या आदल्या वर्षी, २१ जून २०१२ रोजी, मंत्रालयाला आग लागली होती. वरच्या मजल्यांवरच्या फायली जळताना साऱ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिल्या. नोंदी कागदावर आणि एकाच इमारतीत ठेवण्यातला धोका त्यानंतर कुणाला समजावून सांगावा लागला नाही. सरकार, बँका, पतसंस्था, सगळ्यांचीच पावले त्या दोन-तीन वर्षांत डेटा सेंटरकडे वळली.

नाशिकला हा व्यवसाय तेव्हा नवा नव्हता. पीयूष सोमाणी यांनी २००५ मध्ये ईएसडीएस ही कंपनी इथे काढली आणि पुढे सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तिचे डेटा सेंटर उभे राहिले. सातपूर म्हटले की नाशिककरांना मायको आणि महिंद्रा आठवतात, डिझेल इंजिनाचे सुटे भाग आणि गाड्या आठवतात. त्याच वसाहतीत, मुंबईपासून दीडशेहून अधिक किलोमीटर आत, संगणकाची ताकद भाड्याने देणारा उद्योग सुरू करणे सोपे नव्हते. ती महाराष्ट्रातल्या भारनियमनाची वर्षे होती. वीज जाणारच, हे धरून यूपीएस आणि डिझेल जनरेटर यांच्या भरवशावर सगळी मांडणी करावी लागे. पुढे या कंपनीच्या ग्राहकांत अनेक सहकारी बँका आल्या, आणि एनलाइट नावाच्या तिच्या क्लाउड सेवेला अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांची पेटंटे मिळाली. चालत्या व्हीएमला, ती बंद न करता, गरजेप्रमाणे सीपीयू आणि मेमरी वाढवून द्यायची आणि गरज संपली की काढून घ्यायची, अशी ती पद्धत आहे. नाशिकच्या एका कंपनीने हे करून दाखवले याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

सीपीयू आणि मेमरी मिनिटामिनिटाला कमी-जास्त करता येतात. डिस्कचे तेव्हा तसे नव्हते. जागा वाढवून देता येते, शंभर जीबीचे दोनशे जीबी करता येतात; वेग मात्र असा वाढवून देता येत नसे. त्या दशकात व्हीएम भाड्याने देणाऱ्या जगातल्या प्रत्येक कंपनीला, सिएटलपासून सातपूरपर्यंत, हीच अडचण होती. व्हीएमची डिस्क वेगवान कशी झाली याचा इतिहास त्या अडचणीतून सुरू होतो. अभियंत्यांखेरीज इतरांना तो फारसा ठाऊक नाही, आणि आपल्या पासबुकातली प्रत्येक ओळ आज त्याच्यावर उभी आहे.

आधी डिस्कचे गणित पाहू. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी साधी हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, त्याआधी डोके त्या रेषेवर न्यायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. विखुरलेल्या जागांवर वाचायचे-लिहायचे असेल तर अशी डिस्क सेकंदाला जेमतेम ७५-८० कामे उरकते. सर्व्हरमधल्या महागड्या १५,००० फेऱ्यांच्या डिस्क पावणेदोनशेच्या आसपास जात. एक डिस्क बिघडली तरी माहिती शाबूत राहावी म्हणून रेड-५ पद्धतीने डिस्क जोडल्या तर एका छोट्या लेखनासाठी दोनदा वाचावे आणि दोनदा लिहावे लागते. लेखनाचा वेग एकचतुर्थांशावर येतो. हे भौतिकशास्त्र आहे, त्यात घासाघीस चालत नाही.

आता बँकेची दिवसअखेर घ्या. संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर डे-एन्ड सुरू होते. एकेका खात्याची शिल्लक वाचायची, व्याज काढायचे, स्थायी सूचनांप्रमाणे कर्जाचे हप्ते वळते करायचे, किर्द आणि खतावणी जुळवायची, तेरीज काढायची. प्रत्येक व्यवहार पक्का करताना डेटाबेस आपल्या लॉगमध्ये नोंद करतो आणि ती डिस्कवर उतरल्याची पावती आल्याखेरीज पुढे सरकत नाही. पावती एकेक करून घ्यायची म्हटली तर फिरत्या डिस्कवर सेकंदाला सुमारे १२० व्यवहार, फेऱ्याला एक. समजा बँकेची लाखभर खाती आहेत आणि प्रत्येकावर त्या रात्री दहा नोंदी पडायच्या आहेत. म्हणजे दहा लाख पावत्या, आणि नुसत्या त्या घ्यायला सव्वादोन तासांच्या वर. म्हणून चांगले प्रोग्राम नोंदींचे गठ्ठे करून एकदम पक्के करतात, आणि महागड्या स्टोरेजमध्ये बॅटरीवर तग धरणारी मेमरी लावलेली असते. पण सगळेच प्रोग्राम चांगले नव्हते. सकाळी दहा वाजता शाखा उघडली तरी आदल्या रात्रीचे डे-एन्ड चालूच आहे, काउंटरवर ‘सिस्टीम स्लो आहे, थांबा’ असा फलक आहे, हे दृश्य त्या काळात ज्याने पाहिले नाही असा खातेदार विरळा.

शाखेतल्या काचेच्या खोलीत ती डिस्क निदान एकट्या बँकेची होती. डेटा सेंटरमध्ये तीच डिस्क, किंवा डिस्कचा ताफा, वीस-पंचवीस व्हीएममध्ये वाटला गेला. इथे एक विचित्र गोष्ट घडते. लासलगावच्या भुईकाट्यावर एकेका गावाचे ट्रॅक्टर ओळीने आले तर काटेवाला त्या गावाचे पान उघडून भराभर वजने लिहितो. दहा गावांचे ट्रॅक्टर एकाआड एक घुसले तर त्याचा सगळा वेळ पाने उलटण्यात जातो. डिस्कचे नेमके तेच झाले. प्रत्येक व्हीएम आपापल्या परीने सलग, शिस्तीत लिहीत होती. त्या सगळ्यांचे लेखन हायपरव्हायझरच्या खालून बाहेर पडताना इतके मिसळून जाई, की डिस्कला ते पूर्णपणे विखुरलेले दिसे. सलग लेखनात सेकंदाला शंभर एमबी देणारी डिस्क अशा सरमिसळीत एक-दोन एमबीवर येत असे. ग्राहक म्हणायचा, माझे सॉफ्टवेअर तेच आहे, खाती तेवढीच आहेत, मग डेटा सेंटरला आल्यावर मंद का झाले? त्याचा प्रश्न रास्त होता.

एकाच डिस्कचे तुकडे करून अनेकांना वापरायला देण्याची कल्पना याहून कितीतरी जुनी आहे. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात १९६७ मध्ये सीपी-४० ही प्रणाली कामाला लागली आणि मागोमाग सीपी-६७ आली. एका मोठ्या संगणकात अनेकांना प्रत्येकी स्वतंत्र संगणक असल्याचा अनुभव देणाऱ्या या पहिल्या प्रणाली. त्यांत डिस्कचे छोटे भाग पाडून प्रत्येकाला एक ‘मिनीडिस्क’ दिलेली असे. आतल्या प्रणालीला आपण खऱ्या डिस्कशी बोलतो असे वाटायचे, आणि तिची प्रत्येक आज्ञा बाहेरच्या प्रणालीला मध्येच पकडून तपासावी, बदलावी लागायची. त्यात वेळ जाई. त्यावर तिथल्या लोकांनी उपाय काढला तो असा, की आतल्या प्रणालीने खोटे नाटक सोडावे आणि ‘डायग्नोज’ या एका खास आज्ञेने सरळ बाहेरच्याला सांगावे की मला अमुक ठोकळा हवा आहे. १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० बाजारात आणली तेव्हा हा आडमार्ग रुळलेला होता. पुढच्या चाळीस वर्षांत साध्या सर्व्हरवर जे जे नवे म्हणून शोधले गेले, त्याचे बीज मला या एका आज्ञेत दिसते.

साध्या संगणकावर व्हीएम आली ती १९९९ मध्ये, व्हीएमवेअर या कंपनीमुळे. तिथे आयबीएमने सोडवलेला प्रश्न पुन्हा पहिल्यापासून उभा राहिला. आतल्या विंडोजला किंवा लिनक्सला एक खोटी आयडीई नाहीतर स्कझी डिस्क दाखवली जाई. आयडीई डिस्कला एक ठोकळा मागायचा तर सहा-सात रजिस्टरांत एकेक आकडा भरावा लागतो: किती सेक्टर हवेत, पत्त्याचा खालचा भाग, मधला भाग, वरचा भाग, कोणती डिस्क, आणि शेवटी आज्ञा. खऱ्या डिस्कपुढे हे क्षणार्धात होते. व्हीएममध्ये मात्र प्रत्येक आकडा भरताना सीपीयू थबकतो, व्हीएममधून बाहेर पडतो, हायपरव्हायझर काय चालले आहे ते बघतो आणि पुन्हा आत जातो. एका वाचनासाठी सहा-सात वेळा दार उघडा, बंद करा. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये सीपीयूतच व्हर्च्युअलायझेशनची सोय दिली, पण सुरुवातीच्या त्या सीपीयूंवर अशा एका खेपेला हजारो चक्रे लागत.

यातून वाट काढली इंग्लंडातल्या केंब्रिज विद्यापीठाने. तिथल्या संगणक प्रयोगशाळेत इयान प्रॅट, कीर फ्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेन हा हायपरव्हायझर लिहिला आणि २००३ मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे सरळ होते: आतल्या प्रणालीला कळू द्या की ती व्हीएममध्ये आहे. मग खोटी रजिस्टरे कशाला? आत आणि बाहेर मिळून मेमरीचे एक पान सामायिक ठेवायचे. आतल्याने त्यावर मागण्या ओळीने लिहायच्या, एकच इशारा द्यायचा, बाहेरच्याने त्या उचलून खऱ्या डिस्ककडे न्यायच्या आणि उत्तरे त्याच पानावर ठेवायची. पान ४ केबीचे, त्यावर ३२ मागण्या मावत, आणि एका मागणीत ४ केबीचे ११ तुकडे, म्हणजे ४४ केबी. त्या काळच्या डिस्कला ही सोय पुरेशी होती. ॲमेझॉनने २००६ मध्ये ईसी२ सेवा सुरू केली ती झेनवरच, आणि भाड्याच्या व्हीएमचे युग खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाले.

दुसरा प्रवाह केव्हीएमचा. क्यूमरानेट या इस्रायली कंपनीतल्या अवी किविटी यांनी २००६ मध्ये तो लिहिला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये तो लिनक्सच्या २.६.२० आवृत्तीत आला. केव्हीएमने खोटी उपकरणे दाखवण्याचे काम क्यूईएमयू या प्रोग्रामवर सोपवले, जो फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने लिहिलेला होता. डिस्क पुन्हा खोटी, पुन्हा मंद. तेव्हा ऑस्ट्रेलियातले, आयबीएममध्ये काम करणारे रस्टी रसेल यांनी व्हर्टआयओ हा सामायिक नियम मांडला. हायपरव्हायझर कुठलाही असो, आत-बाहेर देवाणघेवाणीची रांग एकाच पद्धतीची असावी, म्हणजे प्रत्येकासाठी वेगळा ड्रायव्हर लिहावा लागणार नाही. जानेवारी २००८ च्या लिनक्स २.६.२४ मध्ये तो आला आणि आजही जगातल्या असंख्य व्हीएमच्या डिस्क त्याच रांगेतून बोलतात. त्याच वर्षी लिनक्सच्या धंद्यातल्या रेड हॅट कंपनीने क्यूमरानेट विकत घेतली. रेड हॅटच्या पुण्याच्या कार्यालयातूनही केव्हीएमवर काम होऊ लागले. पुण्याला स्टोरेजची परंपरा आधीपासूनच होती. व्हेरिटास या स्टोरेज सॉफ्टवेअर कंपनीच्या तिथल्या केंद्रात व्हॉल्यूम आणि फाइल सिस्टीम कोळून प्यायलेल्या अभियंत्यांची एक पिढी तयार झाली होती. महाराष्ट्रात बसून लिहिलेला कोड अशा रीतीने जगभरच्या सर्व्हरमध्ये गेला, याची नोंद आपल्याकडे फारशी कुणी घेतलेली नाही.

वेगाच्या या कथेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो भाग मात्र रांगांचा नाही, पावतीचा आहे.

व्हीएममधला डेटाबेस म्हणतो, ही नोंद डिस्कवर उतरव आणि मला सांग. ही विनंती व्हीएमच्या फाइल सिस्टीमकडे जाते, तिथून ड्रायव्हरकडे, हायपरव्हायझरकडे, होस्टच्या, म्हणजे या व्हीएम ज्यावर चालतात त्या मूळ यंत्राच्या, फाइल सिस्टीमकडे, रेड कार्डाकडे आणि शेवटी डिस्कच्या आतल्या छोट्या मेमरीकडे. यांपैकी कुणीही मध्येच ‘उतरली’ म्हणू शकतो. जितक्या लवकर म्हणाल तितकी व्हीएम वेगवान भासेल. होस्टच्या मेमरीत नोंद पोहोचताच पावती दिली तर डे-एन्ड तीन तासांवरून वीस मिनिटांवर येऊ शकते. आणि तेवढ्यात वीज गेली तर ज्या नोंदींची पावती दिली त्या अस्तित्वातच नाहीत.

क्यूईएमयूमध्ये हा निर्णय एका सेटिंगवर सोपवलेला आहे. सुरुवातीला ते रूढ मूल्य ‘राइटथ्रू’ होते: प्रत्येक लेखन खाली पोहोचल्यावरच पावती. सुरक्षित, पण अतिशय मंद. दुसरा पर्याय ‘राइटबॅक’: लेखन होस्टच्या मेमरीत ठेवा, पण व्हीएमने स्पष्ट ‘उतरव’ म्हटले, म्हणजे फ्लश मागितले, की मात्र सगळे खाली ढकला. तिसरा ‘नन’, म्हणजे होस्टची मेमरी वगळून थेट डिस्कशी व्यवहार. यामुळे तीच माहिती व्हीएमच्या मेमरीत एकदा आणि होस्टच्या मेमरीत दुसऱ्यांदा, अशी दुहेरी साठवणही टळते. आणि २०१० मध्ये चौथा पर्याय आला, त्याच्या नावातच ‘अनसेफ’ होते. त्यात ‘उतरव’ ही विनंती सरळ दुर्लक्षित होते. नवी व्हीएम बसवताना तो उपयोगी, कारण बिघडले तर पुन्हा बसवता येते. बँकेच्या डेटाबेसखाली तो लावणे म्हणजे खातेदाराचा विश्वासघात.

राइटबॅक सुरक्षित आहे ते आतून ‘उतरव’ ही विनंती खरोखर केली जात असेल तरच. आणि त्या काळच्या अनेक व्हीएममध्ये ती होतच नव्हती. जुन्या लिनक्सच्या ईएक्सटी३ फाइल सिस्टीममध्ये त्यासाठीचे बॅरिअर मुळात बंद असत. काही हायपरव्हायझरांत ही विनंती मधल्या एखाद्या थरात नुसती गिळली जाई. लिनक्सने जानेवारी २०११ च्या २.६.३७ आवृत्तीत ही सगळी यंत्रणा नव्याने, स्वच्छ लिहिली. त्यानंतर, सप्टेंबर २०१२ च्या १.२ आवृत्तीत, क्यूईएमयूनेही रूढ मूल्य राइटबॅक केले. म्हणजे वेग मिळाला तो आधी खरे बोलण्याची सोय करून, मग. ज्यांनी हा क्रम उलटा केला, त्यांच्या ग्राहकांनी वीज गेल्यावर किंमत मोजली. भारनियमनाच्या महाराष्ट्रात तर हा प्रश्न कधीही काल्पनिक नव्हता.

छोट्या छोट्या चुकाही डिस्कचा वेग खात होत्या. त्यांतली एक पाहण्यासारखी आहे. विंडोज २००३ पर्यंतच्या प्रणाली डिस्कवर पहिले पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू करत. सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे सुरुवात साडेएकतीस केबीवर. खालच्या रेडचे पट्टे ६४ केबीचे, नव्या डिस्कचे सेक्टर ४ केबीचे. साडेएकतीस या दोघांतही बसत नाही. परिणामी व्हीएमने एक ठोकळा लिहिला तरी खाली तो कित्येकदा दोन ठोकळ्यांवर सांडायचा. दोन्ही वाचा, बदला, पुन्हा लिहा. वाईट भाग असा, की डेटा सेंटरमध्ये एक नमुना व्हीएम तयार करून तिच्या शेकडो प्रती काढतात. नमुन्यात ही चूक असली की शेकडो व्हीएममध्ये ती आपोआप उतरे. विंडोज २००८ ने पार्टिशन एक एमबीवर सुरू करायला घेतले आणि ही व्याधी हळूहळू गेली. जुन्या व्हीएम मात्र वर्षानुवर्षे तशाच धावत राहिल्या, कारण चालत्या गाडीला कुणी हात लावायला धजत नाही.

दुसरी गोष्ट क्यूकाउ२ या फाइल प्रकाराची. व्हीएमची डिस्क म्हणजे होस्टवरची एक मोठी फाइल. शंभर जीबीची डिस्क दिली तरी ग्राहक पहिल्या दिवशी दहाच जीबी वापरतो, मग जागा लागेल तशी घ्यावी, असा या प्रकाराचा हेतू. त्यासाठी डिस्कचा कुठला तुकडा फाइलमध्ये कुठे आहे याचा नकाशा ठेवावा लागतो. ६४ केबीच्या प्रत्येक तुकड्यासाठी नकाशात ८ बाइट. क्यूईएमयू त्या नकाशाचा बराच काळ फक्त १ एमबी भाग मेमरीत ठेवत असे. तेवढ्यात ८ जीबी डिस्कचाच हिशेब मावतो. शंभर जीबीच्या डेटाबेसमध्ये इकडेतिकडे वाचले की आधी नकाशाचे पान डिस्कवरून आणा, मग माहिती आणा; एका कामाची दोन कामे. एक सेटिंग वाढवले की वेग कित्येक पटींनी सुधारत असे, पण ते सेटिंग ठाऊक असलेले प्रशासक थोडे. डिसेंबर २०१८ च्या ३.१ आवृत्तीत लिनक्सवर ही मर्यादा ३२ एमबीपर्यंत नेली गेली. त्याआधी वर्षानुवर्षे लोकांनी हा मंदपणा निमूट सोसला होता.

मग फ्लॅश मेमरीच्या डिस्क, म्हणजे एसएसडी, आल्या आणि गणितच बदलले. इंटेलने २००८ मध्ये बाजारात आणलेल्या एसएसडीत फिरणारे काही नव्हते. विखुरलेले वाचन दहा मिलिसेकंदांऐवजी एका मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात होऊ लागले. भारतात त्या डिस्क महाग होत्या आणि डेटा सेंटरमध्ये सर्रास यायला बरीच वर्षे गेली. पण त्या आल्या तेव्हा एक गोष्ट उघडी पडली. डिस्कला दहा मिलिसेकंद लागत असताना हायपरव्हायझरने मध्ये पन्नास मायक्रोसेकंद खाल्ले तर ते कुणाच्या गावीही नव्हते, जेमतेम अर्धा टक्का. डिस्क शंभर मायक्रोसेकंदांत उत्तर देऊ लागली तेव्हा तेच पन्नास मायक्रोसेकंद डिस्कच्या वेळेच्या निम्मे झाले. दोष आता लोखंडात राहिला नव्हता, कोडमध्ये होता.

पुढची सात-आठ वर्षे हा कोड साफ करण्यात गेली आणि ते काम फार निगुतीने झाले. झेनमध्ये प्रत्येक मागणीसाठी मेमरीची पाने जोडायची आणि सोडायची, हा खटाटोप महाग पडत होता. फेब्रुवारी २०१३ च्या लिनक्स ३.८ मध्ये ती पाने कायमची जोडून ठेवण्याची सोय झाली, आणि त्याच वर्षी ३.११ मध्ये ती ४४ केबीची जुनी मर्यादा उठली. क्यूईएमयूमध्ये सगळी उपकरणे एकाच मोठ्या कुलपामागे होती, एकाचे काम चालू असेल तर दुसरा थांबे. स्टेफान हायनॉत्सी यांनी डिस्कला स्वतःचा स्वतंत्र धागा (थ्रेड) दिला आणि २०१३ च्या १.४ आवृत्तीत तो प्रायोगिक रूपात आला. लिनक्समध्ये तर अख्ख्या यंत्राच्या डिस्क-मागण्या एकाच रांगेत उभ्या राहत होत्या. येन्स अक्सबू यांनी सीपीयूगणिक वेगळी रांग देणारी रचना लिहिली, ती जानेवारी २०१४ च्या ३.१३ मध्ये आली. व्हीएमच्या आत मागण्या क्रमाने लावणारा जुना सीएफक्यू हा शेड्यूलर आता अडथळाच होता, कारण खाली होस्टवर तेच काम पुन्हा होत होते. शहाण्या प्रशासकांनी व्हीएममध्ये तो केव्हाच बंद केला होता. २०१९ मध्ये लिनक्सने तो काढूनच टाकला. व्हीएमवेअरने २०१२ मध्येच एका व्हीएममधून सेकंदाला दहा लाख कामे करून दाखवली होती. फिरत्या डिस्कच्या हिशेबात तेवढ्यासाठी हजारो डिस्क लागल्या असत्या.

वेग वाढला तसा शेजाऱ्याचा त्रासही वाढला. एका होस्टवर एका बँकेचे डे-एन्ड, दुसऱ्या ग्राहकाचा बॅकअप आणि तिसऱ्याची विक्रीची वेबसाइट. बॅकअप सुरू झाला की इतर दोघे गुदमरतात. व्हीएमवेअरने २०१० मध्ये साठवणुकीवर हिस्सेवाटणीची सोय दिली. क्यूईएमयूमध्येही प्रत्येक डिस्कला सेकंदाला अमुक कामे, अमुक एमबी, अशी मर्यादा घालता येऊ लागली. आज क्लाउडच्या दरपत्रकात डिस्कसमोर आयओपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती कामे याचा, आकडा छापलेला असतो तो यामुळे. चालत्या व्हीएमला सीपीयू वाढवून देण्याची जी सोय सातपुरात उभी राहिली, तिच्या जोडीला डिस्कचा वेगही मोजून विकणे शक्य झाले, पण त्यासाठी आधी डिस्क फिरायची थांबावी लागली.

एक वाईट सवय मात्र या सगळ्यानंतरही गेलेली नाही. आयओपीएसचा आकडा सगळे विचारतात, सगळे सांगतात. तो आकडा सरासरीचा असतो आणि डे-एन्ड अडते ती सरासरीवर नाही, शंभरातल्या सगळ्यात मंद एका लेखनावर. पावतीबद्दल तर कुणी विचारतच नाही. निविदांमध्ये जीबी, कोअर, मेमरी यांचे रकाने पाहावेत तेवढे असतात. ‘व्हीएमने मागितलेले फ्लश खालपर्यंत पोहोचते का’ असा रकाना मी अजून एकाही निविदेत पाहिलेला नाही.

म्हणून नागरी बँकांच्या आणि पतसंस्थांच्या संचालकांना एक विनंती. दर वर्षी आपत्कालीन केंद्राची ड्रिल घेताच, तीत ही एक चाचणी जोडा. पुरवठादाराकडे चाचणीसाठी वेगळा होस्ट मागा, त्यावर तुमच्या डेटाबेसची प्रत चालवा आणि नोंदी पडत असताना वीज तोडायला सांगा. नुसती व्हीएम बंद करून चालणार नाही, कारण होस्ट जिवंत असेल तर त्याच्या मेमरीतले लेखन मागाहून डिस्कवर उतरते आणि चाचणी फसवी ठरते. अख्ख्या होस्टची वीज गेली पाहिजे. यंत्र परत सुरू झाल्यावर, ज्या शेवटच्या व्यवहाराची पावती मिळाली होती तो खात्यात सापडतो का ते पाहा. सापडला नाही तर वेगाचा आकडा कितीही मोठा असो, तो करार करू नका.